पिकअपला मोठे टायर घालायचे आहेत: 255/60 आर18 वरून किती पुढे जावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ऐरोलीला राहतात आणि रबाळे एमआयडीसीत डिझेल जनरेटरच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतात. गाडी इसुझूची डबल कॅब व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, मॅन्युअल गिअर. मूळ टायर 255/60 आर18 (रुंदी 255 मिमी, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 18 इंची), त्यांची नक्षी आता संपत आली आहे. हौद्यात हत्यारांच्या पेट्या, छोटा वेल्डिंग सेट, ऑइलचे डबे कायम असतात, वर दोन-तीन माणसं. आठवडाभर ठाणे-बेलापूर रोड, तळोजा, कळंबोली, उरण. अधूनमधून मुरबाड आणि माळशेज चढून पलीकडे जुन्नरच्या बाजूला. पावसाळ्यात साइटपर्यंतचा शेवटचा तुकडा चिखलाचा. त्यांच्या मनात नव्या 17 इंची रिमवर 285/70 आर17 मड टेरेन (चिखलासाठीच्या, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) टायर आहेत. टायरवाला म्हणतो, 265/70 आर17 आरामात बसतो. गॅरेजवाला म्हणतो, दोन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) टाका, मग काहीही बसेल. कोणाचं ऐकावं?

माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. 285/70 आर17 घालू नका. 265/70 आर17 बसेलही, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही आणि त्याची किंमत तुम्ही घाटात मोजाल. तुमच्यासाठी योग्य माप 265/65 आर17, ऑल टेरेन (पक्का आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची) नक्षी. रिमचा खर्च टाळायचा असेल तर आहे त्याच 18 इंची रिमवर 265/60 आर18. फॉर्च्युनर आणि हायलक्सला कंपनीकडून हीच दोन मापं येतात, त्यामुळे वाशीपासून नाशिकपर्यंत रात्री-अपरात्री एखादा टायर फाटला तरी तसाच दुसरा मिळण्याची शक्यता मोठी. कामाच्या गाडीसाठी ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आठवडाभर टायरची वाट पाहत गाडी उभी राहिली तर त्या रुबाबाचा काय उपयोग?

आता टायरच्या दुकानात जाण्याआधी एक काम करा: गाडी वजनकाट्यावर न्या. तळोजा, कळंबोली, तुर्भे, कुठेही धर्मकाटा आहे. रोजचं सगळं सामान भरून, डिझेलची टाकी फुल करून, नेहमीची माणसं आत बसवून जा. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि पावती घ्या. मग पूर्ण गाडी घ्या, दुसरी पावती. एकूण वजनातून पुढचं वजन वजा केलं की मागच्या एक्सलवर किती भार आहे ते कळतं. मोठे टायर घेणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो आणि बहुतेक जण कंटाळा करतात. पण हा आकडा हातात नसेल तर टायरची निवड निव्वळ अंदाजावर चालते.

समजा, एकूण वजन 2640 किलो आलं आणि पुढचं 1190. म्हणजे मागे 1450, एका चाकावर 725. पेट्या एका बाजूला जास्त असतात, वळणावर भार बाहेरच्या चाकावर झुकतो, म्हणून थोडं वाढवून 800 धरा. टायरची क्षमता यापेक्षा बरीच वर हवी. हाच आकडा पुढच्या हिशेबात लागणार आहे.

त्याच वेळी दाराच्या खांबावरची किंवा बॉनेटखालची कंपनीची पाटी वाचा. तिच्यावर गाडीचं कमाल भारित वजन लिहिलेलं असतं. डबल कॅब पिकअप दिसायला दणकट असली तरी पाटीवरून निघणारी वहनक्षमता अनेकदा मालकाच्या समजुतीपेक्षा कमी असते, आणि त्या क्षमतेत आत बसलेली माणसंही मोजायची असतात. काट्याचं वजन पाटीच्या पुढे जात असेल तर टायर बदलून तो प्रश्न सुटत नाही. टायर कितीही जाडजूड घातला तरी कमानपाटे, एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. तेव्हा वेल्डिंग सेट वेगळ्या फेरीत न्या, किंवा दुसरी गाडी करा. आणि जड पेटी हौद्याच्या शेवटी, फाळक्याजवळ ठेवू नका, केबिनला टेकवून ठेवा. मागच्या एक्सलच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

टायरवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ 112 एस. तो आकडा म्हणजे भार निर्देशांक. 108 म्हणजे एका टायरला 1000 किलो, 110 म्हणजे 1060, 112 म्हणजे 1120, 115 म्हणजे 1215, 121 म्हणजे 1450. अक्षर कमाल वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: क्यू 160, आर 170, एस 180, टी 190. नवीन टायरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको. माप मोठं झालं म्हणजे भारही जास्त पेलेल असं गृहीत धरू नका. 255/60 आर18 याच मापात 108 चा टायर मिळतो आणि 112 चाही. दोघे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. 112 वाला जास्त हवेसाठी बांधलेला असतो आणि त्याची पूर्ण क्षमता 42 पीएसआयच्या आसपास मिळते.

आता एलटी टायरकडे येतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मापाच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ ही अक्षरं असली की तो हलक्या ट्रकसाठी बांधलेला टायर. आतली बांधणी जाड, साइडवॉल कणखर, वजन जास्त. दुकानात सांगतात, "एलटी घ्या साहेब, लोड जास्त घेतो." घेतो, पण हवा भरली तर. 265/70 आर17 चंच उदाहरण घ्या. साधा टायर, भार निर्देशांक 115: साधारण 36 पीएसआयला 1215 किलो. तोच एलटी, लोड रेंज (बांधणीची मजबुती; अक्षर जितकं पुढचं तितकी जास्त) सी, निर्देशांक 112: 1120 किलोसाठी त्याला 50 पीएसआय लागतात. आणि लोड रेंज ई, निर्देशांक 121: 1450 किलो, पण 80 पीएसआयला. म्हणजे साध्या टायरच्या जागी एलटी घातला आणि हवा मात्र दारावरच्या पाटीप्रमाणे 30-32 ठेवली, तर आधीपेक्षा कमी भार पेलणारा टायर तुम्ही जास्त पैसे देऊन घेतला. कमी हवेत साइडवॉल सतत वाकते, तापते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात महामार्गावर भरल्या गाडीचा टायर फुटतो तो बरेचदा असा. मग टायरच्या कंपनीला दोष दिला जातो.

वरच्या उदाहरणातले 800 किलो बघितले तर साधा 112 किंवा 115 चा टायर तुमच्या कामाला पुरून उरतो. एलटी घ्यायचं कारण भार हे नाही, साइडवॉल हे असू शकतं. कळंबोलीच्या पोलाद बाजारात तुमचं रोजचं येणंजाणं आहे. तिथे कॉइल बांधायच्या पत्र्याच्या पट्ट्या, कापलेल्या सळ्यांची टोकं रस्त्याकडेला पडलेली असतात, आणि ती नक्षीत घुसण्यापेक्षा साइडवॉल चिरतात. चिरलेल्या साइडवॉलला पंक्चर काढून भागत नाही, टायर फेकावाच लागतो. तुमचे गेल्या काही वर्षांत असे दोन-तीन टायर गेले असतील तर लोड रेंज सी चा एलटी घ्या आणि हवा त्याच्या हिशेबाने ठेवा. गेले नसतील तर साधा ऑल टेरेन घ्या. लोड रेंज ई तुम्हाला नको. तो रिकाम्या गाडीत दगडासारखा कडक चालतो आणि एका टायरमागे चार-सहा किलो वजन वाढवतो. ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यात त्याचा हिसका शॉकअबसॉर्बर आणि बुशिंगना बसतो. गायमुख घाट आणि मुंब्रा बायपास पावसाळ्यात कसे होतात ते ठाण्याच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको.

आता मापांचा हिशेब. टायरची उंची काढायला कॅल्क्युलेटर पुरतो: रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिळवा (एक इंच 25.4 मिलिमीटर). तुमचा 255/60 आर18 म्हणजे 763 मिमी. 265/60 आर18 म्हणजे 775. 265/65 आर17 म्हणजे 776. 265/70 आर17 म्हणजे 803. तुमच्या स्वप्नातला 285/70 आर17 म्हणजे 831. टक्केवारीत पहिल्या दोघांत पावणेदोन टक्क्यांपर्यंत वाढ, तिसऱ्यात पाच, चौथ्यात जवळपास नऊ.

जमिनीपासूनची उंची यातल्या निम्म्यानेच वाढते, कारण टायरचा अर्धा भागच एक्सलच्या खाली असतो. म्हणजे 265/70 ने गाडी 20 मिमी वर जाते, 285/70 ने 34. चिखलात अडकण्याच्या तुमच्या अडचणीवर 20 मिमी हा उपाय नाही. तिथे नक्षी, हवा आणि फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त ओढ देणारा गिअर) वेळेवर लावणं हे काम करतं. अडकल्यावर लोक गॅस देत राहतात, चाक खड्डा खणतं, आणि मग दोष टायरच्या मापावर जातो. चिखल लागण्याआधीच फोर व्हील टाका, हवा 22-24 पर्यंत उतरवा, सावकाश एका लयीत काढा. गाडीत 12 व्होल्टचा कंप्रेसर ठेवा आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरा. हौद्यात भार असेल तर एवढी हवा उतरवून वेगात जायचं नाही, चालण्याच्या वेगानेच जायचं. या कंप्रेसरला लागणारे पैसे मोठ्या टायरच्या फरकापेक्षा कितीतरी कमी आहेत.

उंची वाढते त्याची दुसरी बाजू गिअर आणि ब्रेकमध्ये दिसते. चाक पाच टक्के मोठं झालं की प्रत्येक गिअर पाच टक्के लांब होतो. चाकाला मिळणारी ओढ तेवढी कमी होते. मुरबाडहून माळशेज चढताना जिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत होती तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि मागे लागलेल्या रांगेमुळे थांबून पुन्हा चढावर गाडी उचलायची वेळ आली की क्लचचा वास येतो. उतरताना याहून वाईट. त्याच पेडलदाबाला जमिनीवर मिळणारा ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात घटतो, शिवाय गिअर लांब झाल्यामुळे इंजिन ब्रेकिंगही घटतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, भरल्या गाडीत, धुक्यात. 285/70 ला ही घट आठ टक्क्यांच्या आसपास, वर टायर-रिमचं वाढलेलं वजन. माझा 285 ला विरोध आहे तो मुख्यतः यासाठी. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये ज्या मोठ्या पिकअपवर हे टायर दिसतात त्यांचे ब्रेक, एक्सल आणि डिफरन्शियलचा (एक्सलमधल्या शेवटच्या गिअरसंचाचा) रेशो वेगळा असतो. तिथे लोक टायर वाढवल्यावर डिफरन्शियलचे गिअरही बदलतात. आपल्याकडे या गाड्यांसाठी ते सुटे भाग सहज मिळत नाहीत.

स्पीडोमीटरही बदलतो. पाच टक्के मोठ्या टायरवर काटा 95 दाखवत असताना गाडी 100 च्या आसपास असते. कंपनीचे स्पीडोमीटर मुळात थोडं जास्त दाखवतात, त्यामुळे छोट्या वाढीत हिशेब बरोबरीला येतो आणि काही बिघडत नाही. मोठ्या वाढीत मात्र द्रुतगती मार्गावर 100 च्या मर्यादेत आहोत असं समजून तुम्ही तिच्यापुढे गेलेले असता, आणि कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही. फोनवरच्या जीपीएसशी एकदा ताडून पाहा. मायलेज काढताना हेही ध्यानात ठेवा: पाच टक्के मोठ्या टायरवर खरे 1000 किलोमीटर झाले की मीटरवर साधारण 950 दिसतात. "टायर बदलल्यावर अॅव्हरेज पडलं" या तक्रारीतला एक हिस्सा निव्वळ मीटरचा असतो, बाकीचा खरा.

"बसतो" या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीला टायर लावून चाक फिरलं म्हणजे बसला असं नाही. दुकानातच या चाचण्या करून मागा. गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडा आणि पुढे-मागे घ्या, मग उजवीकडे. रिव्हर्सही घ्या, कारण बरेचदा पुढे जाताना न घासणारा टायर मागे घेताना मडफ्लॅपला किंवा चाकाच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. मग पुढचं एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवा आणि पुन्हा स्टिअरिंग तोडा. ही चाचणी कोणी करत नाही, आणि खरी घासाघीस इथेच उघडी पडते: चाक वर दाबलं गेलं की आतल्या प्लास्टिकच्या लायनरला टायरचा खांदा टेकतो. आठवड्याने लायनरवर काळी चकचकीत पट्टी दिसली तर समजा की टायर तिथे घासतोय. मागे भार टाकून एकदा खड्ड्यातून न्या आणि हौद्याच्या खालच्या कडेशी टायरला किती जागा राहते ते बघा.

रिमबद्दल. टायरच्या प्रत्येक मापाला रिमची ठरावीक रुंदी चालते. 265/70 आर17 ला 7 ते 9 इंच, 285/70 आर17 ला 7.5 ते 9. रिमच्या मागच्या बाजूला ‘17 × 7.5 जे’ असं कोरलेलं असतं, ते स्वतः वाचा. त्याच्याच शेजारी ‘ईटी 33’ सारखा ऑफसेटचा (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे त्याचा) आकडा असतो. ऑफसेट कमी झाला की चाक तेवढे मिलिमीटर बाहेर येतं. ईटी 33 च्या जागी ईटी 10 घातला तर 23 मिमी बाहेर. गाडी रुंद दिसते, फोटोत छान येते. पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर उडवतो. मूळ ऑफसेटच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं. स्पेसर तर नकोच, भार वाहणाऱ्या गाडीला तर मुळीच नको.

नटांकडे मी जास्तच लक्ष देतो, त्याचं कारण आहे. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींचा बोल्टचा वर्तुळव्यास 6 × 139.7 आहे (सहा बोल्ट, 139.7 मिमीच्या वर्तुळावर), म्हणून दुकानदार एकाची रिम दुसऱ्याला लावून दाखवतात. बोल्ट बसतात. पण मधलं भोक, म्हणजे हब बोअर, वेगळं असू शकतं. ते मोठं असेल तर रिम हबवर न बसता फक्त बोल्टवर लोंबते, आणि 80-90 च्या वेगाला थरथर येते जी कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. अशा वेळी मधली रिंग लागते. दुसरं, नट नीट बघा. काही नटांची बैठक शंकूसारखी निमुळती असते, काहींची सपाट, वॉशरसह. शंकूच्या बैठकीच्या रिमला सपाट नट लावला तर कडेवरच टेकतो. पाना मारताना घट्ट वाटतो, आणि दोन-तीनशे किलोमीटरने ढिला होतो. जुना नट आणि नवी रिम हातात घेऊन, नट भोकात बोटाने बसवून बघा: सगळीकडून सारखा टेकला पाहिजे, डुलता कामा नये. 17 इंची रिम टायरशिवाय हबवर लावून हाताने फिरवा आणि ब्रेक कॅलिपरपासून सगळीकडे जागा राहते ना तेही पाहा. इम्पॅक्ट गनने नट ठोकू देऊ नका. शेवटचा आवळा टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याला, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

लिफ्ट किटबद्दल फार लिहीत नाही. पुढची उंची दोन इंच वाढवली की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालतात, रबरी बूट लवकर फाटतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अजून एक गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच सांगितली जाते: काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक दांडी जोडलेली असते. ती हौदा किती खाली बसला आहे हे बघून मागच्या ब्रेकचा जोर ठरवते. मागून गाडी उचलली की तिला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. ही दांडी पुन्हा जुळवावी लागते. तुमच्या गाडीखाली वाकून ती आहे का बघा. मी सुचवलेल्या मापांना लिफ्टची गरज पडू नये, मग हा सगळा व्यापच टळतो.

नक्षी. तुमचा निम्म्याहून जास्त प्रवास काँक्रीट आणि डांबरावर आहे, आणि चार महिने तो ओला असतो. मड टेरेनचे मोठे ठोकळे चिखलात छान चावतात, पण ओल्या काँक्रीटवर जमिनीला टेकणारं रबर कमी आणि ठोकळ्यांतल्या बारीक चिराही कमी, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडी जास्त सरकते. शिळफाट्याला पावसात ट्रेलरच्या मागे असताना हा फरक जिवावरचा आहे. मड टेरेन ज्याचं रोजचं काम खाणीत किंवा रानात आहे त्याने घ्यावा. तुम्हाला ऑल टेरेन, त्यातही ठोकळ्यांवर भरपूर चिरा असलेला. कायद्याने नक्षीची खोली किमान 1.6 मिमी लागते. आपल्या पावसात मी 3 मिमीला टायर बदलायला सांगतो, कारण त्याच्या खाली नक्षीला पाणी बाहेर टाकायला खोबण उरत नाही. पावसाळ्यातून जायचं असेल तर मे महिन्यातच मोजून घ्या.

कायद्याचं एकदा स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं आहे. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर नोंदणीच्या अर्जातच प्रत्येक एक्सलच्या टायरची संख्या, माप आणि प्लाय रेटिंग (टायरच्या थरांच्या हिशेबाने मजबुती) लिहिलेलं असतं. तपासणीला वाशीला न्या, ठाण्याला न्या की पनवेलला, निरीक्षक ते ताडून पाहू शकतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतली मान्य मापं बघा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून 265 बद्दल लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. लेखी मिळत नसेल तर 255/60 आर18 याच मूळ मापात ऑल टेरेन घ्या. कामाच्या नव्वद टक्के गरजा त्यातही भागतात, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर टायरच्या मापावरून वाद घालायची वेळ येत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी साइडवॉलवरचा शेवटचा चार आकडी क्रमांक वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. चारही टायर एकाच काळातले घ्या, वर्षाहून जुने असतील तर भाव पाडा किंवा नको म्हणा. आयएसआयचं चिन्ह असल्याची खात्री करा. व्हॉल्व्ह नवीन घाला. बिलावर माप, भार निर्देशांक आणि तो चार आकडी क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला उपयोगी पडतो. लगेच अलाइनमेंट करून घ्या.

हवेचा आकडा ठरवायला एक साधी युक्ती. नेहमीचा भार टाकून, थंड टायरमध्ये तुमच्या अंदाजाची हवा भरा, नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि सरळ कोरड्या रस्त्याने थोडं चालवा. मध्येच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर जमलं. पण कंपनीने किंवा टायरच्या भार-तक्त्याने सांगितलेल्या किमान आकड्याच्या खाली खडू काही म्हणाला तरी जायचं नाही. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवायला घाबरू नका. आणि लांबून आल्यावर गरम टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर सोडू नका, ती उष्णतेची वाढ आहे, थंड झाल्यावर उतरते.

राहिली स्टेपनी. ती त्याच मापाची घ्या, म्हणजे पाच टायर. फोर व्हील टाकलेल्या गाडीत पुढचं आणि मागचं चाक वेगळ्या उंचीचं असेल तर ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि डिफरन्शियल एकमेकांशी झुंजतात. चिखलात चाक थोडं घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. एबीएसलाही चाकं सारखी फिरणं अपेक्षित असतं. हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत मोठा टायर बसतो का हे घेण्याआधी बघा. 265/65 आर17 आणि 265/60 आर18 ची उंची मूळ टायरपेक्षा फक्त 12-13 मिमीने जास्त आहे, त्यामुळे तिथे अडू नये, पण 265/70 आणि 285/70 तिथे अडचण करू शकतात. पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवत राहा, म्हणजे स्टेपनी नवी आणि बाकीचे झिजलेले असं होत नाही. आणि जूनच्या आधी एकदा स्टेपनी खाली उतरवून तिच्या वायररोपला आणि गिअरला ग्रीस लावा. चिखल-पाण्याने तो वायररोप गंजून अडकतो, आणि ते कळतं तेव्हा तुम्ही भर पावसात मोरोशीच्या आसपास गाडीखाली आडवे झालेले असता.